दोन बोटे उघडी नळी

रविवार, २ ऑक्टोबर १९३२. सकाळचे साडेआठ. सोलापुरातल्या एका नाटकगृहामागच्या तालमीच्या खोलीत आमच्या बँडच्या उस्तादांनी कॉर्नेट, म्हणजे कळांचा आखूड पितळी बाजा, ओठाला लावला आणि दुसऱ्याच सुराला पियानोवर बसलेल्या मास्तरांनी दोन्ही हात उचलले. पुढे दिवसभरात जे झाले ते तिथून सुरू झाले. वेळ मला नक्की ठाऊक आहे, कारण मुंबईहून आलेल्या यंत्रवाल्याने भिंतीवर स्वतःचे घड्याळ टांगले होते आणि पाणी प्यायचे तरी तो आधी त्या घड्याळाकडे पाही.

त्या खोलीत त्या दिवशी ग्रामोफोनची तबकडी भरायची होती. आवाज भिंतीवर आपटून परत येऊ नये म्हणून कांबळी लावून ठेवा, असे यंत्रवाल्याने आधी कळवले होते. नाटकगृहाच्या मालकाने कांबळ्यांऐवजी नुकत्याच मागावरून उतरलेल्या चादरी टांगल्या. खोलीला नव्या सुताचा आणि रंगाचा वास होता. गाणारी बाई नाटकातली, नाव असलेली. गाणी दोन. साथ मात्र पेटी-तबल्याची नको, नव्या धर्तीची, म्हणजे जाझच्या ठेक्याची हवी, असा ग्रामोफोन कंपनीचा आग्रह होता. म्हणून आम्हाला बोलावले होते.

मी ट्रॉम्बोन वाजवीत असे. हे पितळी वाद्य आहे आणि त्याला बोटांनी दाबायच्या कळा नसतात. एक लांब नळी दुसऱ्या नळीवरून पुढेमागे सरकते. सूर कुठे आहे हे हाताने ओळखायचे असते. आमचे घराणे नातेपुत्याकडच्या माळावर मेंढरे राखणारे. मी सोलापुरात आलो तो गिरणीत सूत कातणाऱ्या चात्यांना तेल घालण्याच्या कामावर. त्या गिरणीचा एक बँड होता आणि उस्ताद त्याचे प्रमुख होते. त्यांनी एके दिवशी मला शिडीवर उभा राहून तेल घालताना पाहिले, खाली उतरवले, माझा हात खांद्यापासून बोटापर्यंत स्वतःच्या वितीने मोजला आणि म्हणाले, "हात लंबे हैं तेरे. बाकी अक्कल मैं देता." माझी निवड एवढ्यावर झाली. सुरांशी तिचा संबंध नव्हता.

उस्तादांचा पहिला धडा असा होता की फुंकण्यापूर्वी नळी पूर्ण बंद असली पाहिजे. "पहले दरवाजा बंद. फिर बात." तीन महिने त्यांनी मला त्याच एका जागेवर उभे केले. नळीला मी गिरणीतले चात्यांचे तेल लावीत असे. ते चोरीचे होते. पुढे आयुष्यभर मी विकतची तेले वापरली. इतकी हलकी नळी पुन्हा कधी सरकली नाही.

आमच्या बँडची सगळी वाद्ये एका पलटणीच्या लिलावातून आलेली होती. उस्तादांचे वडील त्या पलटणीत वाजवीत. त्यांनीच ती निवडली होती. सगळी एका घरची, म्हणून आपसात ती नेमकी जुळत. वरातीत फक्त बँड वाजतो, त्याच्याबरोबर पेटी कोणी वाजवीत नाही. तरी कधी एखाद्या मांडवात पेटीवाला असे आणि आमचा सूर ऐकून तोंड वाकडे करी. उस्ताद त्याला सांगत, "पेटी उतरी है तुम्हारी. दो दिन धूप में रखो." आम्ही हसत असू. सोलापुरातल्या यच्चयावत पेट्या उतरलेल्या आहेत, असे आमचा सगळा बँड मनापासून मानीत असे.

मीही मानीत होतो. पुढे मूकपटांच्या थेटरात पडद्यासमोर वाजवण्याचे काम मला मिळाले आणि पहिल्याच दिवशी तिथल्या मास्तरांनी मला थांबवले. तेच हे पियानोवाले मास्तर, गोव्याचे, अतिशय सभ्य. ते म्हणाले, "तुझा बाजा वर बोलतो रे. जुन्या पलटणींचा सूर तसाच असायचा, चढा. आता जग खाली आलंय. नळी बंद करू नकोस. दोन बोटं उघडी ठेव आणि तिथून घर धर." मी दोन बोटे उघडी ठेवली आणि पियानोशी जुळलो. फरक अर्ध्या सुराच्याही निम्मा होता. पण तो एकदा ऐकू आला की मग ऐकू येतच राहतो.

त्या दिवसापासून मी दोन घरांत राहू लागलो. थेटरात नळी दोन बोटे उघडी, वरातीत बंद. पाच वर्षे हे चालले. उस्तादांना मी सांगितले नाही. बँडमध्ये सूर उस्ताद देत. शिष्याने तो मोजायचा नसतो. इतर कोणाच्या वाद्याला ही सोयही नव्हती. कळांचे वाद्य जिथे बोलते तिथेच बोलते. त्याला सूर खाली आणण्यापुरती एक छोटी सरकती नळी असते, पण उस्तादांच्या कॉर्नेटची ती हिरव्या किटाने केव्हाच जाम होऊन बसली होती. आपल्याला ती लागत नाही, असे ते अभिमानाने सांगत.

मास्तरांकडे मी जाझ शिकलो. रेल्वेतल्या गोऱ्या नोकरांच्या नाचघरात ते आम्हाला घेऊन जात. अमेरिकेतल्या तबकड्या लावून ते एकेक जागा ऐकवीत. एकदा म्हणाले, "इथं सूर पायरी-पायरीनं उतरायचा नाही. दारुडा कठड्यावरून घसरतो तसा उतरायचा." मी तो उतरवला. त्यांनी तबकडी थांबवली.

"हे कुठं शिकलास?"

"मेंढरांमागं. हाळी अशीच देत्यात की."

ते नंतर गोऱ्या पाहुण्यांना माझी ओळख करून देताना हेच सांगत. मला ते फारसे आवडत नसे, पण खोटे नव्हते.

मग थेटरात बोलपटाचे यंत्र आले आणि पडद्यासमोरच्या आमच्या खुर्च्या उचलल्या. कॉर्नेटवाला मुंबईला गेला. त्यामुळे तबकडीचे काम आले तेव्हा मास्तरांकडे कॉर्नेट नव्हता. मी उस्तादांचे नाव सुचवले.

त्याला कारण होते. कॉर्नेटचा सगळा भार समोरच्या दातांवर असतो आणि उस्तादांचे खालचे दोन दात हलू लागले होते. वाजवण्यापूर्वी ते लवंग धरून बसत. पुढच्या लग्नसराईपर्यंत ते दात टिकणार नाहीत, हे आम्हा दोघांना ठाऊक होते आणि दोघेही त्याविषयी बोलत नव्हतो. दात गेले की तो सूर गेला. तसा भरीव आणि गोल सूर मी नंतर मुंबईतही फार थोड्यांचा ऐकला. तो जाण्यापूर्वी एकदा तबकडीवर उतरावा, एवढे मला हवे होते.

जे सांगायला हवे होते ते मात्र मी कोणालाच सांगितले नाही. उस्ताद ओठाने थोडा सूर खाली दाबतील, मास्तर थोडे सोसतील, आणि निभावेल, असा माझा हिशेब होता. तो चुकला.

त्या सकाळी हात उचलून मास्तर म्हणाले, "उस्ताद, तुम्ही वर आहात. जरा खाली या."

"मैं मेरी जगह पे च हूं. पेटी उतरी है तुम्हारी."

"पेटी नाही, पियानो आहे हा. काल संध्याकाळी मी स्वतः जुळवलाय."

"तो फिर कल शाम से उतरा है."

बाईंनी तोंडाला पदर लावला. त्यांच्या सारंगीवाल्याला हसू आवरेना. पुन्हा सुरुवात झाली, पुन्हा हात वर गेले. तिसऱ्या वेळी यंत्रवाला घड्याळाकडे पाहून म्हणाला, "तीन वाजता मी मेणाची तबकडी चढवणार. रात्रीच्या गाडीनं मला पुढं जायचंय. कॉर्नेट जमत नसेल तर त्याच्याशिवाय करा."

मास्तरांना उस्तादांचा अपमान करायचा नव्हता. म्हणूनच बहुधा त्यांनी मला विचारले, "तू सांग रे. तू त्यांच्याकडेही वाजवतोस, माझ्याकडेही. कोण बरोबर?"

मी घड्याळाकडे पाहिले. पण ट्रॉम्बोन माझ्या हातात होता, वाजवण्याच्या तयारीत, आणि उस्तादांची नजर माझ्या तोंडावरून हातावर गेली. नळी दोन बोटे उघडी होती.

"नली खुली कायकू रखा?"

मी नळीकडे पाहिले.

"बंद कर."

मी बंद केली.

"बजा."

मी फुंकले. उस्तादांनी त्यावर आपला सूर धरला. दोन्ही एक झाले. त्यांनी मास्तरांकडे मान केली. मास्तरांनी पियानोची पट्टी दाबली, आणि ती अलग पडली.

"अब जैसा रखा था वैसा रख."

मी दोन बोटे उघडली आणि फुंकले. पियानोत आणि माझ्यात काही उरले नाही. खोलीत सातआठ माणसे होती. सगळ्यांनी ऐकले. उस्तादांनी कॉर्नेट फडक्यात गुंडाळला, पेटाऱ्यात ठेवला आणि पेटारा काखेत मारून ते बाहेर जाऊन पायरीवर बसले.

मी मागे गेलो. त्यांनी पेटारा उघडून लवंग काढली.

"कित्ते साल से मालूम?"

"पाच."

"पाच साल मैं लोगां को पेटी धूप में रखने बोलता रहा, और तू बाजू में खड़ा सुनता रहा."

"व्हय."

"मन में हंसता था?"

"न्हाय, उस्ताद."

"हंसना था रे. कोई तो हंसता तो मेरेकू समझता."

मी खाली पाहिले. पेटारा उघडाच होता. आत निळी मखमल, कॉर्नेटच्या आकाराची खळी, ओठाला लावायच्या मुखनळीची खळी आणि कडेला एक लांबट, अरुंद खळी. एका टोकाला निमुळती. तिच्यात लवंगांची पुडी असे. बारा वर्षे मी तो पेटारा उचलत होतो आणि ती खळी रोज पाहत होतो.

"उस्ताद, हितं काय असायचं?"

"लौंग."

"लवंगंच्या आधी?"

"बाप का सुई-धागा."

"आन् त्याच्या आधी?"

ते माझ्याकडे पाहू लागले. मग पुडी काढून त्यांनी ती रिकामी खळी अंगठ्याने चाचपली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मी मास्तरांना हाक मारली. मास्तर आले, वाकले, आणि त्यांनी खळीच्या निमुळत्या टोकावर बोट फिरवले. मग म्हणाले, "जोडनळी. खालच्या सुरासाठी. कॉर्नेट आणि मुखनळीच्या मधे बसवायची. लिलावात हरवली असणार. उस्ताद, बाजा खोटा नव्हता तुमचा. अर्धा आला होता."

उस्ताद म्हणाले, "मेरे बाप कू किसी ने बताया नहीं." ते त्यांनी दोनदा म्हटले.

मी लेंग्याच्या नाडीतून एक दोरा ओढून काढला, खळीची लांबी घेतली आणि गाठ मारली. दीड इंचाहून थोडी जास्त. मग मुखनळी मागितली, कारण तिच्या मापाशिवाय नळी बसणार नव्हती. उस्तादांनी ती हातात धरून ठेवली. ती दिली की वाजवायला तयार आहे असे होणार होते, न दिली की विषय संपणार होता. खोलीत बाईंची तालीम कॉर्नेटशिवाय सुरू झाली होती. जिथे कॉर्नेट यायचा तिथे मास्तरांचा नोकर टाळ्या वाजवून जागा मोजत होता. उस्तादांनी त्या आठ टाळ्या ऐकल्या. मग मुखनळी रुमालात बांधून माझ्या हातावर ठेवली.

"गिराया तो हात तोडूंगा. लंबे हैं, दो जगह से तोडूंगा."

रविवारी गिरणी बंद असते, पण फिटिंग खाते चालू असते. यंत्रे थांबलेली असतात तेव्हाच ती दुरुस्त करता येतात. तिथला फिटर माझ्या ओळखीचा होता. घरी तेलुगू बोलणारे विणकरांचे कुटुंब, पण हा लोखंडात रमलेला.

"सुट्टीच्या दिवशी इकडं? घरातनं हाकलला काय रे तुला?"

"पितळंची नळी पायजे. दोनच्या आत."

"कुठल्या मशीनची?"

"उस्तादांची."

"उस्ताद मशीन कधी झाले?" त्याने मुखनळी उजेडात धरली, आतून बोट फिरवले, आणि त्याचा चेष्टेचा स्वर गेला. "दोन्ही टोकं निमुळती पाहिजेत ह्याला. एक आतून, एक बाहेरून. कोण सांगितलं तुला हे सोपं आहे म्हणून?"

"कुणीच न्हाय."

"मग बरोबर."

जुन्या पितळी नळीचा तुकडा त्याने लेथवर लावला. पहिला तुकडा फाटला. दुसरा जमला, पण किंचित सैल बसत होता. फिटरने खिशातून सूत काढले, टोकाभोवती एक वेढा दिला, मेण फासले आणि म्हणाला, "वीस नंबरचं सूत आहे. हवा जाणार नाही. गेली तर गिरणीला दोष दे, मला नको."

मी परतलो तेव्हा दोन वाजायला आले होते. उस्ताद पायरीवरच होते. त्यांनी जोडनळी उलटसुलट पाहिली आणि बसवली. कॉर्नेट आता ओठापासून दीड इंच पुढे गेला होता, त्यामुळे त्यांची कोपरे थोडी वेगळी आली. त्यांनी एकच लांब सूर धरला. आतून मास्तरांनी पट्टी दाबली.

जुळले.

उस्ताद थांबले नाहीत. ते भिंतीकडे तोंड करून तासभर एकेक सूर तपासत बसले, कारण नळी वाढली की प्रत्येक कळेचे बोलणे थोडे बदलते आणि ते ओठाने सावरावे लागते. चाळीस वर्षे वाजवलेल्या माणसाने पहिल्या दिवसाच्या शिष्यासारखे हे केले. मध्ये दोनदा त्यांनी तोंडातली लवंग बदलली. तीन वाजता यंत्रवाल्याने आम्हाला बोलावले.

पहिली मेणाची तबकडी चाचणीची असते. ऐकली की ती खराब होते, म्हणून एकदाच ऐकवतात. यंत्रवाल्याने ती लावली. बाईंचे कडवे झाले, मग कॉर्नेटच्या आठ मात्रा आल्या. उस्ताद कान पुढे करून ऐकत होते.

"ये कौन बजा रहा?"

"तुमीच की, उस्ताद."

"हौ?" ते आणखी थोडे ऐकून म्हणाले, "अच्छा बजाता है. दम थोडा कम है."

मग खऱ्या दोन तबकड्या झाल्या. त्यांच्या आठ मात्रांनंतर माझी घसरण येत होती, हाळीसारखी, आणि तिथे बाई पुन्हा गाणे उचलत. दुसऱ्या तबकडीच्या वेळी उस्तादांनी शेवटचा सूर सोडण्याऐवजी माझ्यासाठी धरून ठेवला आणि मी त्यातूनच खाली उतरलो. हे ठरलेले नव्हते. यंत्रवाला घड्याळाकडे पाहायचे विसरला.

ती तबकडी त्या वर्षाच्या शेवटी आली. तिच्यावरच्या कागदावर फक्त बाईंचे नाव होते, आणि तशीच रीत असते. तोवर उस्तादांचे दोन्ही दात पडले होते. एका चहाच्या हॉटेलात ग्रामोफोन होता, तिथे जाऊन ते ती ऐकत. आठ मात्रा संपल्या की उठत. मी पुढे मुंबईला गेलो, बोलपटांच्या गाण्यांत बरीच वर्षे फुंकले आणि ओठ थकल्यावर परत आलो. त्या गाण्यांवरही माझे नाव नाही. आमच्या घरची तबकडी एका नातवाने फोडली. मी त्याला रागावलो नाही, असे घरचे म्हणतात. रागावलो होतो.

त्या दिवशी साडेपाचला यंत्रवाल्याने सामान बांधले. मास्तरांनी उस्तादांचा हात दोन्ही हातांत धरला. उस्ताद मला म्हणाले, "चल," आणि आम्ही बँडच्या खोलीवर गेलो. खोलीचे कुलूप काढून त्यांनी भिंतीवरच्या वाद्यांकडे बोट केले.

"सब उतार."

"आज?"

"फिर कब? दिवाली के बाद बरातां हैं. पूरा बँड नीचे आयेगा. सब का टुकड़ा बनवा." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "और तू जैसा है वैसा च खुला रह."

कॉर्नेटच्या दुप्पट लांबीच्या वाद्याला तुकडाही दुप्पट लागतो, असे मास्तरांनी सांगितले होते. मी एकेक वाद्य जमिनीवर ठेवले आणि सुताने त्याच्या नळीची लांबी फुंकायच्या टोकापासून पुढच्या घंटेसारख्या तोंडापर्यंत घेतली, सगळ्या वळणांसकट. उस्ताद दुसरे टोक धरून बसले होते. कोणते सूत कोणाचे हे कळावे म्हणून मी गाठी मारल्या: दुसऱ्या कॉर्नेटला एक, तिसऱ्याला दोन, आणि मोठ्यांना पुढे तशाच. सहा सुते झाली. फिटर आणि मी, दोघेही दुसऱ्या दिवशी गिरणीत सकाळच्या पाळीला होतो. सुते मी वेगवेगळी गुंडाळून रिकाम्या काडेपेटीत भरली आणि काडेपेटी कामावरच्या सदऱ्याच्या खिशात ठेवली.